अंडी थांबली म्हणून खाद्य बदलण्याआधी कोंबडी हातात घेऊन पाहा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: परसात सहा कोंबड्या आहेत, सगळ्या साधारण दीड वर्षाच्या. गेले वर्षभर रोज चार-पाच अंडी मिळत होती आणि घरातला केक, बिस्किटे, न्याहारी हे सगळे त्यांवर चालत होते. गेल्या तीन आठवड्यांपासून मात्र दिवसाआड एखादेच अंडे मिळते. खुराड्यात पिसांचा सडा पडलेला असतो, एक कोंबडी दिवसभर अंडी घालायच्या पेटीतून उठत नाही, आणि दिवस लहान झाले म्हणून रात्री दहापर्यंत दिवा लावूनही, दाणे व पावाचे तुकडे वाढवूनही फरक पडलेला नाही. कोणते खाद्य किंवा औषध दिले म्हणजे अंडी पूर्ववत होतील, की कोंबड्याच बदलाव्यात, आणि पुढच्या वेळी अंडी भरपूर असताना ती कशी साठवावीत, असे आपण विचारले आहे.

मी वीस वर्षांहून अधिक काळ घरापुरत्या कोंबड्या पाळते आहे आणि हाच प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. त्याचे उत्तर देताना मी प्रथम प्रश्नाची मांडणी बदलते. ‘अंडी कमी झाली’ ही सहा कोंबड्यांची बेरीज आहे, आणि बेरजेवर उपचार करता येत नाही. प्रत्येक कोंबडीचे थांबण्याचे कारण वेगळे असू शकते. आपल्या वर्णनातच मला दोन कारणे स्पष्ट दिसतात: बहुतेक कोंबड्या पिसे टाकत आहेत आणि एक खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी उबवण्याच्या ओढीने बसून राहिली आहे. तिसरे कारण, म्हणजे खाद्याचा समतोल बिघडणे, उपाय म्हणून आपल्याच हातून नकळत सुरू झालेले दिसते. याखेरीज चौथे काही आहे का, ते कोंबड्या हाताळल्याशिवाय कळणार नाही. जात कोणती, दिवसाची लांबी ऋतूप्रमाणे किती बदलते, कोंबड्या मोकळ्या फिरतात की बंदिस्त असतात, यांवर तपशील बदलतील. विषुववृत्ताजवळ दिवस-रात्रीत फारसा फरक पडत नाही, तेथे उजेडाचे कारण दुय्यम ठरते आणि उष्म्याचे कारण पुढे येते.

अंडे कसे तयार होते हे एकदा समजले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. बलक अंडाशयातून सुटल्यापासून अंडे बाहेर पडेपर्यंत साधारण 24 ते 26 तास लागतात आणि त्यांपैकी जवळजवळ 20 तास फक्त कवच चढण्यात जातात. चक्र चोवीस तासांहून थोडे मोठे असल्यामुळे अंड्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि काही दिवसांनी कोंबडी एक दिवस खाडा करते. म्हणून उत्तम कोंबडीसुद्धा वर्षाचे सगळे दिवस अंडे देत नाही. एका कवचासाठी सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागते, आत प्रथिने आणि स्निग्धांश भरावे लागतात, आणि अंड्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणी असते. एवढी सामग्री जमेनाशी झाली, किंवा शरीराला तीच सामग्री दुसऱ्या एखाद्या अधिक निकडीच्या कामाला हवी असली, की कोंबडी सर्वांत आधी अंडे थांबवते. हा तिचा दोष नाही, ती त्या वेळी स्वतःला सांभाळत असते. ती विश्रांती घेते आहे की तिला काही त्रास होतो आहे, एवढेच आपण शोधायचे असते.

तपासणीची सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करावी: अंडी खरोखरच थांबली आहेत का? मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या कधी कधी पेटी सोडून दुसरीच जागा धरतात. एका वर्षी माझ्या तीन कोंबड्यांनी एकाच आठवड्यात अंडी बंद केली तेव्हा मी खाद्य बदलले, जंताचे औषध दिले आणि अखेर सरपणाचा ढीग उपसताना मागच्या बाजूला वाळक्या पानांत गोलाकार मांडल्यासारखी सतरा अंडी सापडली. तेव्हापासून मी कोणताही उपाय करण्यापूर्वी चार दिवस कोंबड्यांना दुपारपर्यंत आतच ठेवते, कारण बहुतेक अंडी सकाळच्या वेळात घातली जातात. अशी सापडलेली अंडी किती जुनी आहेत याचा अंदाज पाण्यात टाकून येतो. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून ओलावा उडून जातो आणि आतली हवेची पोकळी वाढत जाते. म्हणून ताजे अंडे तळाशी आडवे राहते, जुने उभे राहते आणि फार जुने तरंगते. या परीक्षेतून फक्त वय कळते, अंडे निर्जंतुक आहे की नाही हे कळत नाही, त्यामुळे बेवारस सापडलेली अंडी मी स्वयंपाकात वापरत नाही. पेटीत ओलसर डाग, चिकटलेला पेंढा किंवा कवचाचे तुकडे दिसले तर एखादी कोंबडी अंडी फोडून खात असण्याची शक्यता आहे. त्यावर दिवसातून दोन-तीनदा अंडी उचलणे आणि पेटीत लाकडी अंडे ठेवणे हे माझ्या अनुभवात सर्वांत परिणामकारक ठरले आहे.

त्यानंतर रात्री, सगळ्या दांडीवर बसल्यावर, हातात मंद विजेरी घेऊन जावे आणि एकेक कोंबडी उचलून कडेला घ्यावी. दिवसा पाठलाग करून पकडलेली कोंबडी घाबरलेली असते. रात्री तीच कुशीत शांत बसते आणि तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. शेपटीखाली, अंडे बाहेर पडण्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना बारीक टोकाची दोन हाडे बोटांना लागतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीत या दोन हाडांमध्ये दोन ते तीन बोटे सहज मावतात, हाडे किंचित लवचीक लागतात आणि ती वाट रुंद, ओलसर असते. थांबलेल्या कोंबडीत जेमतेम एक बोट मावते आणि वाट आकसलेली, कोरडी असते. तुरा लाल, भरलेला आणि मऊ आहे की फिकट, आक्रसलेला व कोरडा आहे, तेही पाहावे. पिवळ्या त्वचेच्या जातींत आणखी एक खूण असते: अंडी चालू असताना शरीरातला पिवळा रंग बलकात जातो, म्हणून आधी ती वाट, मग डोळ्याभोवतीचे कडे, मग चोच आणि शेवटी पाय फिकट होतात, आणि अंडी थांबली की त्याच क्रमाने रंग परत येतो. प्रत्येकीचे निरीक्षण वहीत लिहून ठेवावे. सहापैकी किती जणी खरोखर थांबल्या आहेत हे एका रात्रीत समजते.

याच वेळी छातीच्या मध्यावरचे हाड चाचपावे. त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर कोंबडी विश्रांतीवर आहे असे समजायला हरकत नाही. ते हाड सुरीच्या धारेसारखे हाताला टोचत असेल तर कोंबडी खंगलेली आहे, आणि मग प्रश्न अंड्यांचा राहत नाही, तो प्रकृतीचा होतो.

आता पिसांविषयी. कोंबडी साधारण वर्षातून एकदा जुनी पिसे टाकून नवी घेते, आणि पहिली मोठी पीसगळ बहुधा दीड वर्षाच्या आसपास, दिवस लहान होऊ लागले की येते. आपल्या कोंबड्यांचे वय नेमके तेच आहे. ही गळ डोके आणि मानेपासून सुरू होते, मग छाती, पाठ, पंख आणि शेवटी शेपूट असा तिचा क्रम असतो. सगळे पूर्ण व्हायला 8 ते 16 आठवडे लागू शकतात. काही कोंबड्या एका आठवड्यात जवळजवळ उघड्या पडतात आणि लवकर आवरतात; काही महिनोन् महिने थोडीथोडी पिसे टाकत राहतात. पिसाचा सुमारे 85 टक्के भाग प्रथिनांचा असतो. त्या प्रथिनांसाठी गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात आणि नुसत्या धान्यात नेमकी तीच कमी पडतात. म्हणजे आपण प्रेमाने वाढवलेले दाणे आणि पाव यांनी कोंबडीचे पोट भरले, पण ज्या सामग्रीची तिला सर्वाधिक गरज होती ती तिच्या खाण्यातून कमी झाली.

म्हणून माझा सल्ला असा की पाव पूर्णपणे थांबवावा आणि दाणे मूठभरावर आणावेत. वरखाऊ म्हणून जे काही दिले जाते ते एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावे. प्रौढ कोंबडी दिवसाला साधारण 110 ते 120 ग्रॅम खाते, त्यावरून हिशेब करता येईल. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात प्रथिने 16 ते 18 टक्के असतात. पीसगळीच्या काळात मी 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिने असलेले वाढीच्या पिलांचे खाद्य देते आणि नवी पिसे पूर्ण उलगडली की पुन्हा नेहमीच्या खाद्यावर येते. या खाद्यात कॅल्शियम कमी असते, त्यामुळे एखादी कोंबडी अजून अंडी देत असेल तर तिच्यासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. तो खाद्यात मिसळू नये. ज्या कोंबडीला गरज असते ती आपणहून खाते आणि जिला नको असते ती सोडून देते. अंड्यांची टरफले परत द्यायची असल्यास ती भाजून, इतकी बारीक करावीत की त्यांत अंड्याचा आकार ओळखू येणार नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. या दिवसांत रात्रीची ती तपासणी एकदा झाली की पुन्हा पुन्हा कोंबड्यांना उचलू नये. नवे पीस सुरुवातीला निळसर, रक्ताने भरलेल्या नळीसारखे असते. मी एकदा अशा कोंबडीला पंखाखालून घाईने धरले तेव्हा तिने जो आवाज काढला तो अजून माझ्या लक्षात आहे; त्या नळ्या दुखऱ्या असतात आणि मोडल्या तर रक्त येते. रक्त दिसले की बाकीच्या कोंबड्या तेथे टोचू लागतात, म्हणून अशी जखम झालेली कोंबडी वेगळी ठेवावी.

दिव्याबाबत. भरपूर अंड्यांसाठी दिवसाला 14 ते 16 तास उजेड लागतो आणि तो 12 तासांच्या खाली गेला की बहुतेक कोंबड्या मंदावतात, हे खरे आहे. उजेडाची जाणीव कोंबडीला केवळ डोळ्यांनी होत नाही, तो कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोहोचतो. परंतु पीसगळ सुरू झाल्यावर दिवा लावून अंडी मिळवणे म्हणजे एकाच तिजोरीतून दोन मोठे खर्च करणे आहे, आणि तो भार कोंबडीच्या शरीरावर पडतो. शिवाय रात्री दहाला दिवा एकदम मालवला की ज्या कोंबड्या खाली जमिनीवर असतात त्यांना अंधारात दांडी सापडत नाही. मी स्वतः हिवाळ्यात दिवा लावत नाही. त्या दोन-तीन महिन्यांची विश्रांती मला कोंबड्यांच्या पुढच्या वर्षासाठी मोलाची वाटते. आपल्याला लावायचाच असेल तर पिसे पूर्ण आल्यावर, पहाटेच्या बाजूने, आठवड्याला अर्धा तास वाढवत जावा आणि संध्याकाळ नैसर्गिक राहू द्यावी. एकदा सुरू केला की मध्येच बंद करू नये, कारण उजेड अचानक घटला तर पुन्हा पीसगळ सुरू होऊ शकते. सध्याचा दिवा मात्र आठवडाभरात रोज थोडा लवकर मालवत काढून टाकावा.

पेटीत बसून राहिलेली कोंबडी खुडूक आहे का हे ओळखणे सोपे आहे. हात जवळ नेला की ती अंग फुगवून खर्जात गुरगुरते, पेटीत चपटी होऊन बसते, छातीवरची पिसे उपटते, आणि दिवसातून एखाद्या वेळी उठून एकच मोठी, उग्र वासाची शीट टाकून परत येते. पिल्ले हवी असतील तर तिच्याखाली फळलेली अंडी ठेवावीत. 21 दिवसांत पिल्ले निघतात. नको असतील तर तिला तसेच बसू देऊ नये, कारण ती नीट खात-पीत नाही आणि झिजते. जाळीच्या तळाचा पिंजरा विटांवर उंच ठेवून, आत पेंढा न घालता, खाद्य-पाण्यासह तिला त्यात तीन-चार दिवस ठेवावे. पोटाखालून वारा खेळला की छातीची ऊब उतरते आणि खुडूकपणा मोडतो. टोपलीखाली जमिनीवर झाकून ठेवले तर हे होत नाही, कारण खाली ऊब टिकून राहते. कोंबडीला गार पाण्यात बुडवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कृपया मानू नये. खुडूकपणा मोडल्यावरही अंडी सुरू व्हायला दोन-तीन आठवडे लागतात.

मात्र कोंबडी पेटीत बसून आहे पण गुरगुरत नाही, शेपूट खाली पाडून, शरीर ताठ उभे धरून सारखी कुंथते आहे, असे दिसले तर अंडे अडकले असण्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे.

पिसांचा सडा पाहून सगळा दोष पीसगळीला देणे हीही चूक ठरू शकते, आणि ती चूक मी केलेली आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या कोंबड्यांची पिसे गळत होती, तुरे फिकट होते, आणि मी निर्धास्त राहिले. तीन आठवड्यांनी एक कोंबडी संध्याकाळी खुराड्यात शिरायलाच तयार होईना. त्या रात्री मी पांढरा कागदी रुमाल दांडीच्या खालच्या बाजूने ओढला आणि तो लालभडक रेघांनी भरला. ते लाल माइट होते. हे गोचिडीसारखे बारीक जीव दिवसा दांडीच्या टोकांशी, फटींत लपतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात, म्हणून दिवसा कोंबडी तपासून काहीच सापडत नाही. रक्त कमी झाल्याने तुरा फिकट होतो आणि अंडी थांबतात. आपण रात्री जाल तेव्हा ही रुमालाची परीक्षा जरूर करावी. माइट सापडले तर खुराडे रिकामे करून सगळा पेंढा जाळावा, फटी खरवडाव्यात, त्यांत उकळते पाणी ओतावे आणि सात दिवसांनी हेच सगळे पुन्हा करावे, कारण उबदार हवेत त्यांची पुढची पिढी आठवड्या-दीड आठवड्यातच तयार होते. कीटकनाशक वापरायचे झाल्यास पशुवैद्याला विचारूनच वापरावे. त्याचा अंश अंड्यांत उतरू शकतो. कोरडी माती, वाळू आणि लाकडाची राख भरलेले एक मोठे उथळ खोके कोंबड्यांना लोळायला कायम ठेवावे. त्याने खुराड्यातले माइट संपत नाहीत, पण अंगावरच्या उवा आणि किडे आटोक्यात राहतात.

पाण्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. एक कोंबडी दिवसाला 200 ते 250 मिलिलिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही. भांडे काही तास उलटून कोरडे पडले तरी पुढचे काही दिवस अंडी घटू शकतात. कडक उन्हाळ्यात कोंबड्या तोंड उघडून धापा टाकतात तेव्हा श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, कवचासाठी लागणारे कार्बोनेट रक्तात कमी पडते आणि कवच पातळ होते. तेव्हा सावली आणि गार पाणी हाच उपाय असतो.

कामाचा क्रम असा ठेवावा: आधी चार दिवस दुपारपर्यंत बंदिस्त ठेवून अंडी मोजणे, त्यातल्याच एका रात्री कोंबड्या व दांडी तपासणे, दुसऱ्या दिवसापासून पाव बंद करून प्रथिने वाढवणे, खुडूक कोंबडीला वेगळे करणे. औषध यात कोठेच नाही. नाकातून पाणी, घरघर, हिरवे पातळ शीट, मान वाकडी होणे, किंवा पाठोपाठ मृत्यू असे काही दिसले तरच औषधाचा प्रश्न येतो, आणि तेव्हा ते पशुवैद्यानेच ठरवावे.

कोंबड्या बदलाव्यात का? माझ्या मते अजिबात नाही. दीड वर्षाची कोंबडी म्हातारी नसते. दर वर्षी अंडी थोडी कमी होतात हे खरे, पण पीसगळीनंतरची अंडी सहसा आकाराने मोठी आणि चांगल्या कवचाची असतात. वर्षभर सलग अंडी हवी असतील तर दर वर्षी दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या, वाढवाव्यात. पहिल्या वर्षात त्या बहुधा पीसगळ न करता अंडी देत राहतात आणि मोठ्या कोंबड्यांची विश्रांती झाकून जाते. नवी कोंबडी आणली तर ती महिनाभर वेगळी ठेवूनच कळपात सोडावी.

साठवणीसाठी मी अंडी गोठवते. कवचासह गोठवू नयेत, कवच तडकते. अंडी फोडून, फेस न आणता, बलक आणि पांढरा एकजीव होईपर्यंत हलकेच ढवळावीत आणि बर्फाच्या साच्यात ओतावीत. तीन मोठे चमचे म्हणजे साधारण एक अंडे. नुसते बलक गोठवले तर ते डिंकासारखे घट्ट होतात, म्हणून चार बलकांना चिमूटभर मीठ किंवा दीड लहान चमचा साखर घालावी आणि डब्यावर तसे लिहून ठेवावे, म्हणजे केकसाठी मिठाचा डबा निघणार नाही. उणे 18 अंशांवर ती वर्षभर टिकतात. शीतकपाटात वितळवावीत आणि पूर्ण शिजणाऱ्या पदार्थांतच वापरावीत. चुन्याच्या निवळीत अंडी ठेवण्याची जुनी पद्धतही आहे, पण एकाच अंड्याला बारीक तडा असला तरी सगळी बरणी वाया जाऊ शकते, म्हणून मी ती सोडून दिली. कवचासह ठेवायची अंडी धुऊ नयेत. अंड्यावर नैसर्गिक पातळ लेप असतो आणि तो छिद्रे बंद ठेवतो. फारच घाण लागली असेल तर अंड्यापेक्षा कोमट पाण्याने धुवावे आणि ते लगेच वापरावे. गार पाण्याने आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते.

गळलेली चांगली पिसे मुलांच्या हस्तकलेसाठी ठेवायची असतील तर माइटची परीक्षा झाल्यावरच गोळा करावीत आणि साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत.

पंधरा-वीस दिवसांनी मानेवर नव्या पिसांची टोके दिसू लागतील. तुरा पुन्हा लाल होणे ही पहिली खरी खूण असते, आणि तिच्यानंतर बहुधा दोन-तीन आठवड्यांत अंडे मिळते. तोपर्यंत वहीतील नोंदी ठेवाव्यात, आणि एखाद्या कोंबडीचे छातीचे हाड हाताला टोचले किंवा कागदी रुमाल लाल झाला, तर मला अवश्य कळवावे; त्या दोन्ही बाबतींत पुढचा सल्ला वेगळा असेल.